टिटवीवाली शाहजादी

पौडच्या पेठेत शाहजादी मुलाणीशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस शोधायला निघालात, तर चपला झिजतील पण माणूस सापडायचा नाही. दूधवाल्याशी पाण्यावरून, शेजारणीशी कोंबड्यांवरून आणि एसटीच्या कंडक्टरशी भोंग्यावरून. बाई लाऊडस्पीकरचा भोंगा मांडीवर घेऊन बसायची आणि कंडक्टर भोंग्याचं वेगळं तिकीट मागायचा. "पोर मांडीवर घेतलेल्या बाईकडं मागतोस का रं तिकीट? मंग ह्येचंच का?" असं म्हणून तिनं एकदा गाडी भुकूमच्या फाट्यावर अडवून धरली होती. उतारू बोंबलत होते आणि ही ढिम्म. नाव शाहजादी, राहणं पत्र्याच्या खोपटात, आणि तोंड म्हणाल तर गरम तेलात पडलेली मिरची.

नवरा मौला अगदी दुसऱ्या टोकाचा. तो माणसांशी कमी आणि तारांशी जास्त बोलायचा. पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात काळे करून तो गावी परतला आणि भोंगे भाड्यानं द्यायला लागला. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, मौलाचा भोंगा झाडावर चढायचा. बहात्तरच्या दुष्काळात लग्नंही आटली आणि या माणसाला रिकामपण आलं. रिकामं डोकं काय करील सांगता येतं का? रेडिओचा काटा एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर नेताना मधेच शिटी वाजते, ती त्यानं पकडून ठेवली. जळक्या रेडिओच्या पोटात काहीबाही जोडलं, वर मोडक्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या बसवल्या, आणि त्या शिटीला चक्क सूर लावले. पट्टी दाबली की शिटी वर जायची, दुसरी दाबली की खाली यायची. ना सनई, ना पेटी, ना माणसाचा गळा. असला आवाज मुळशी तालुक्यानं बापजन्मात ऐकला नव्हता.

"ह्ये काय काढलंया?" शाहजादीनं चुलीपुढून विचारलं.

"बाजा."

"बाजा कसला, टिटवी हाय ही. कुणाच्या मढ्यावर वरडतीया?"

टिटवी ओरडली की घरात काही अशुभ होतं, असं खोऱ्यात मानतात. तरी नाव पडलं ते पडलंच, आणि ठेवलं तेही बायकोनंच.

मग टिटवीला ठेका पाहिजे झाला. तबलजी आणायचा तर त्याला जेवायला घालावं लागतं. मौला स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन कोळवणला गेला. तिथं खळ्यावर भात झोडत होते, पेंढी फळीवर आपटायचे: धप्प, धप्प, सर्रर्र. तेवढंच त्यानं टेपवर घेतलं, तेवढीच पट्टी कापली आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडून तिचं कडं केलं. कडं मशीनमधून निघून लांब एका काचेच्या बाटलीला वळसा घालून परत मशीनमध्ये जायचं, फिरत राहायचं, आणि भात झोडणं काही संपायचं नाही. ती बाटली धरून बसायचं काम शाहजादीचं. बाटली सैल सोडली की ठेका रेंगाळायचा, ताणली की धावायचा. बाई रागात असली की ठेका असा उधळायचा की मौला नुसता तिच्याकडं बघून हसायचा. सांगायची गोष्ट, टिटवी मौलाची असली तरी ठेका पहिल्यापासून हिच्या हातात होता.

आता जत्रेचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा तमाशा तिथंच झाला. कोळवण खोऱ्याच्या वरच्या माळावर चैत्रात वाघजाईची जत्रा भरते. गावोगावच्या काठ्या येतात. काठी म्हणजे दोन-तीन पुरुष उंचीचा बांबू, शेंड्याला निशाण. एकट्या गड्यानं कमरेच्या पट्ट्यात खोचून तोलत आणायचा. काठी देवळापुढं आली की तिचा पुकारा होतो, गावाचं नाव आणि मानकऱ्याच्या घराचं नाव. पुकारा झाल्याशिवाय काठी शिखराला लावायची नाही आणि शिखराला लावल्याशिवाय भुईवर टेकवायची नाही. पुकाऱ्याआधी काठी भुईला टेकली की त्या गावाचा मान कायमचा बुडाला. आणि हा पुकारा करायचा मुलाण्याच्या घरानं. वाघजाईचा पुकारा मुलाण्याच्या तोंडून का, असं बाहेरचे विचारतात. खोऱ्यात कुणाला तो प्रश्न पडत नाही.

त्यातली एक काठी कळमशेतची. हे गाव शोधायला जाऊ नका, मिळायचं नाही. मुळशीचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं वाऱ्यावर गेली. गोजराबाई तेव्हा परकरी पोर होती. पुढं लग्न होऊनही ती याच खोऱ्यात राहिली, म्हातारी झाली. पण बापाच्या गावची काठी तिनं सोडली नाही. बाप गेला, भाऊ गेला, मग तिचा मुलगा कोंडिबा काठी तोलायला लागला. गावात घर नाही, देऊळ नाही, मसणवटासुद्धा नाही. वर्षातून एकदा भोंग्यावर "कळमशेत!" असं मोठ्यानं म्हटलं जायचं, तेवढंच गाव उरलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या जत्रेत मौलानं पहिल्यांदा टिटवी लावली. गुरवानं कानात बोटं घातली, म्हाताऱ्यांनी दगड उचलले. पण ठेका सुरू झाला आणि बायकांतली एक ओरडली, "अगं बया, ह्यो तर आपला भात झोडायचा आवाज!" झालं. पोरंटोरं नाचायला लागली, दगड खाली पडले. प्रत्येक काठीला टिटवी गप्प व्हायची, भात झोडणं चालू राहायचं, आणि त्यावर मौला गावाचं नाव घ्यायचा.

ऐंशीच्या पावसाळ्यात मौला भोंग्याची तार जोडायला विजेच्या खांबावर चढला तो जिवंत उतरला नाही. शाहजादीला मूल नव्हतं. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरातच बसायचे, चार महिने संपल्यावर तिनं सगळा पसारा बाहेर काढला, पुसला, आणि चैत्रात भोंगा मांडीवर घेऊन जत्रेला निघाली. जत्रा कमिटीचा पुढारी भिवाजी वाटेतच आडवा आला.

"भाबी, बाईमानसानं पुकारा कराया रीत न्हाई."

"मान मुलान्याच्या घराचा हाय का मुलान्याच्या मिशीचा?"

भिवाजीचा हात आपल्या भरघोस मिशीवर गेला आणि तो वाटेतून बाजूला झाला. पेठेतल्या मशिदीतही कुरकुर झाली. तिकडंही बाईनं असाच एक टोला दिला आणि दोन्हीकडून शिव्या खात पुकारा केला. एका हातात बाटली, दुसरा हात टिटवीच्या पट्ट्यांवर, माईक तोंडाशी बांधलेला. मौलापेक्षा तिचं बरं वाजतं असं खोऱ्यानं कबूल केलं, पण ते तिच्या माघारी.

हळूहळू हातोहाती कॅसेटी फिरायला लागल्या. शाहजादीला आता सगळं खोरं भाबी म्हणायचं, आणि या भाबीचा कायदा एकच: कोरी कॅसेट आणा, भरून न्या. कुणालाही नाही म्हणायचं नाही; भांडण झालेलं असलं तरी नाही. शिव्या देत भरायची, पण भरायची. भरे गावचा नथू पिरंगुटच्या कारखान्यात लागला होता, त्यानं बॅटरीवर चालणारा टेप घेतला आणि दर जत्रेला तो हातात धरून फिरायचा. मुंबईला डबे वाहणारी मावळातली पोरं कॅसेटी तिकडं घेऊन गेली. खोलीवर रात्री जेवताना टिटवी लावायची, आपल्या गावाचं नाव आलं की भाकरीचा घास हातात तसाच थांबायचा. अशी ती टिटवी मुंबईत पोचली आणि नको त्या कानावर पडली.

पंच्याऐंशी साली पौडच्या पेठेत जीप आली. त्यातून आगटे नावाचे कॅसेट कंपनीचे साहेब उतरले, बरोबर भिवाजी, नव्या कपड्यांत. साहेब खोपटात वाकून शिरले आणि बसायला स्वच्छ जागा शोधू लागले. भाबीनं ती दाखवली नाही.

"बाई, तुमचं म्युझिक मी ऐकलं. असला साउंड इकडे कुणाकडे नाही. आमची कंपनी तुमची कॅसेट काढेल, सगळ्या महाराष्ट्रात जाईल. फक्त मधेमधे तुम्ही गावांची नावं ओरडता ना, ती काढावी लागतील. बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यांचं काय? आणि सही झाली की घरी कॅसेटी भरून देणं बंद. हक्क कंपनीचे."

"म्हंजी नथू कोरी कॅसेट घिऊन दारात आला, तर म्या न्हाई म्हनायचं?"

"तो बाजारातून विकत घेईल की!"

"आन त्यात भऱ्याचं नाव नसंल?"

"नसेल."

"कळमशेतचं?"

"हे कुठे आलं?" साहेबांनी भिवाजीकडं पाहिलं.

"पान्याखाली गेल्यालं गाव हाय सायेब, तसं ते न्हाईच आता," भिवाजी हसत म्हणाला.

त्या हसण्यानं भाबीचं टाळकं फिरलं. ती उठली आणि दार सताड उघडून उभी राहिली.

"भिवाजी, ह्या पावन्याला चा पाज, त्येच्या जीपमदी बसव, आन परत ह्या गल्लीत दिसला तर तुझ्यासकट गटारीत घालीन."

"भाबी, घरात आल्याली लक्षुमी लाथाडतीस तू."

"लक्षुमी आशी न्हाई येत, सोबतीला दलाल घिऊन."

भिवाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. कंपनी त्याला कॅसेटवर नाव छापून देणार होती आणि जत्रेला पुण्याचा ऑर्केस्ट्राही फुकट पाठवणार होती. सगळं त्यानं आधीच चार माणसांत मिरवून झालं होतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "बगतो, फुडल्या जत्रेला तुझा भोंगा कंच्या झाडावर चढतोय ते."

दिवाळीत कॅसेट बाजारात आली. 'मावळची मैना'. वर चकचकीत कपड्यांतली पोरगी, खाली 'सादरकर्ते भिवाजी'. टिटवीची मैना झाली होती! कंपनीला सही लागलीच नाही. भिवाजीच्या घरात भाबीनं स्वतः भरून दिलेली कॅसेट होती. तिच्या कायद्याप्रमाणे तिनं त्यालाही कधी नाही म्हटलं नव्हतं. तीच त्यानं साहेबांच्या हातात ठेवली. कंपनीनं नावं पुसून टाकली आणि तिथं कुठल्याशा पोरींचं 'हेय हेय' भरलं. भऱ्याच्या जागी हेय हेय, भुकूमच्या जागी हेय हेय, कळमशेतच्या जागीही हेय हेय.

खोऱ्यानं ती ऐकली आणि एकच अर्थ लावला: भाबीनं आपल्याला विकलं. वाणी तिला सगळ्यात शेवटी माल द्यायला लागला. आजूबाजूच्या पोरांनी "टिटवी इकली, टिटवी इकली" असं गाणं केलं. नथू एरवी आठवड्याला एक कॅसेट घेऊन यायचा, तो समोरून आला तरी मान वळवून जायला लागला. एखादीनं चार जणांना गाठून खरं काय ते सांगितलं असतं. पण ही शाहजादी! ज्याला माझ्यावर भरवसा नाही त्याला कसम खाऊन कशाला सांगू, हा तिचा ताठा. आतून मात्र तिला फार लागलं होतं. रात्रीच्या भाकरी दुपारच्या दुपारीच करून ती दार लावून घ्यायची, कुणाचा चेहरा बघायला नको म्हणून.

एका बाजारच्या दिवशी गोजराबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. भर पेठ, माणसांची वर्दळ.

"येकदा सरकारनं बुडावलं आमचं गाव. तुला दया न्हाई आली, तू दुसऱ्यांदा बुडावलंस. नावच व्हतं गं आमचं, दुसरं काय व्हतं? त्ये बी इकून खाल्लंस. मौलानं तुला आसं शिकावलं व्हतं? वांझोटे!"

मौलाचं नाव आणि तो शेवटचा शब्द एकदम आला नसता तर कदाचित भाबी खरं बोलली असती. तोंड उघडलंही होतं तिनं. पण रागाच्या डोक्याला आवर कसा घालायचा?

"व्हय, इकलं!" ती ओरडली. "इकलं तुमचं नाव! काय करशीला?"

सगळी पेठ ऐकत होती. गोजराबाई तिच्या दारात थुंकली आणि गेली. झालं, आता कबुलीच मिळाली. संशय होता तोवर दोन-चार माणसं तरी भाबीच्या बाजूची होती, त्या दिवसापासून तीही राहिली नाहीत. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. भाबी दार लावून ढसाढसा रडली, आणि रडताना मौलालाही शिव्या दिल्या, मेलास आणि हे सगळं माझ्या गळ्यात टाकून गेलास म्हणून.

चैत्र आला. कमिटीनं ठराव केला: औंदा भोंगा मुलाण्याचा नाही. माळावर कंपनीचा ऑर्केस्ट्रा आला, चकाकणारे कीबोर्ड, दोन गायिका, कपाटाएवढे स्पीकर. पुकारा ऑर्केस्ट्राचा निवेदक करणार होता. भिवाजीनं त्याला गावं तोंडी सांगून ठेवली होती. ज्या गावाला सरपंच आहे, मतं आहेत, अशी. कळमशेतला मतं कुठून असणार? ते त्यानं सांगितलंच नाही.

भाबी गेली. मान काढून घेतला तरी पाय कोण काढून घेणार? भोंगा नाही, बाटली नाही, रिकाम्या हातांनी ती चिंचेखाली उभी राहिली. तिच्या भोवती मुद्दाम जागा सोडून माणसं उभी होती.

काठ्या यायला लागल्या. निवेदक गोड आवाजात गावं पुकारत होता, मधेच विनोद करत होता. भुकूमची काठी लागली, भऱ्याची लागली, कोळवणची लागली. मग कळमशेतची काठी देवळापुढं आली. कोंडिबा कमरेला पट्टा बांधून, दोन्ही हातांनी बांबू तोलत, मान वर करून उभा राहिला.

"आणि आता, रसिकहो, सादर करतोय पुढचं गाणं!" निवेदक म्हणाला आणि ढणाढणा ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

कोंडिबा तसाच उभा. गोजराबाई स्टेजकडं धावली, हात वर करून ओरडली. तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. निवेदकाला वाटलं म्हातारी नाचतेय, त्यानं तिला हसून टाळ्या दिल्या. भिवाजी कुठं होता? आगट्यांना घेऊन तंबूत जेवायला बसला होता. काठीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पुकारा मुलाण्यानं नाहीतर कमिटीनं नेमलेल्यानं करायचा, तिसऱ्यानं नाही. हजार माणसं उभी होती आणि एकालाही काही करता येत नव्हतं.

भाबी चिंचेखालून बघत होती. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला बरं वाटलं. भोगा म्हणावं! वांझोटी म्हणालीस ना मला? दारात थुंकलीस ना? तेवढ्यात कोंडिबाच्या पट्ट्यातून बांबू निसटला. काठीचा शेंडा डुलला, सावरला, पुन्हा कलला. त्याच्या हाताच्या शिरा तटतटल्या होत्या. खाली भुईपासून बांबूचं टोक वीतभर उरलं होतं, आणि गोजराबाई त्या टोकाखाली स्वतःचा पदर धरून बसली होती, टेकलंच तर भुईवर नको, पदरावर टेकू दे म्हणून.

तो पदर बघितला आणि भाबी पळाली. मंडपाच्या खांबावर चिनीमातीचा फ्यूज होता. तारांत जन्म घालवलेल्याची बायको ती, तिला कुठं शोधायचा ते सांगावं लागत नव्हतं. खसकन ओढला आणि कमरेला खोचला.

कीबोर्ड, गायिका, स्पीकर, सगळं एका दमात मेलं. माळावर नुसता वारा ऐकू यायला लागला. मग एकच गलका. तंबूतून आगटे खरकट्या हातानं बाहेर आले. भाबीला खांबाशी बघितलं आणि त्यांचा तोल गेला.

"तुम्ही! अहो, दारात आलो होतो तुमच्या, तेव्हा सही दिली असतीत तर आज तुम्हीच असता स्टेजवर! तेव्हा कुत्र्यासारखं हाकलून दिलंत, आणि आता प्रोग्रॅम बंद पाडता? तुमच्या सहीवाचून काही अडलं नाही आमचं! निघाली कॅसेट, खपली! काय वाकडं केलंत?"

भोंगा नव्हता तरी शब्दन्‌शब्द माळभर ऐकू गेला. भिवाजी त्यांच्या मागं येऊन थांबला होता. त्यानं साहेबांचा सदरा ओढला, पण बाण सुटला होता. माणसं एकदा साहेबांकडं बघत होती, एकदा भाबीकडं, आणि शेवटी भिवाजीकडं.

गोजराबाई पदर तसाच धरून म्हणाली, "म्हंजी तू इकलं न्हाईस?"

"तुला काय करायचंय?"

"मंग व्हय कशापायी म्हनलीस?"

"तू ईच्यारलंस कुटं? तू शिव्या दिल्यास."

कोंडिबाच्या घशातून घरघर निघाली. "पुकार गं बये," गोजराबाई म्हणाली, "पोरगं पडंल माजं."

भाबीनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की हातात माईक नाही. आजवर माळावर ती नेहमी भोंग्यातूनच बोलली होती. मौलाच्या मागं पाच वर्षं तिनं पुकारा केला होता, पण उघड्या गळ्यानं एकदाही नाही. तिनं छाती भरून घेतली.

"कळमशेत!"

आवाज फाटला. भांडणात कधी फाटला नव्हता तो आज फाटला. तरी ती थांबली नाही.

"कळमशेतची काठी! मानकरी कोंडिबा, गोजराबाईचं घर! कळमशेत! कळमशेत!"

काठी उठली, कलली, आणि निशाण शिखराला लागलं. बायकांनी एकाच वेळी रडायला आणि ओरडायला सुरुवात केली. कुणीतरी टाळ्यांवर ठेका धरला, धप्प, धप्प, सर्रर्र. तोच तो, भात झोडायचा. फ्यूज काही भाबीनं परत दिला नाही. ऑर्केस्ट्रा तसाच गाडीत भरला गेला, आणि आगट्यांची जीप निघताना तिच्यावर किती शेण पडलं ते मोजायला कुणी थांबलं नाही.

खोऱ्यात माफी मागायची रीत नाही. कुणी आलं नाही, कुणी पाया पडलं नाही. वाणी दुसऱ्या दिवशी तिला पहिल्यांदा माल द्यायला लागला, एवढंच. भाबीनंही कुणाला माफ केलं नाही. जी पोरं "टिटवी इकली" म्हणायची त्यांची नावं तिनं मरेपर्यंत ध्यानात ठेवली. नथूचा बॅटरीवरचा टेप मात्र त्या दिवशी चालूच होता. ऑर्केस्ट्राचा ढणढणाट, मग एकदम सामसूम, मग आगट्यांचा आरडाओरडा, आणि मग तो फाटलेला पुकारा, सगळं त्यात आलं होतं. नथू ती कॅसेट भाबीच्या उंबऱ्यावर ठेवून गेला.

नंतर 'मावळची मैना' पौड आणि पिरंगुटच्या बाजारात अशी काही खपली की कंपनीनं आणखी पेट्या धाडल्या. आगट्यांना वाटलं असेल, मुळशीकर अखेर वठणीवर आले. त्यांना काय ठाऊक, कोरी कॅसेट महाग पडायची आणि त्यांची भरलेली स्वस्त! सगळं खोरं ती विकत घेऊन थेट भाबीच्या दारात येत होतं, पुसून भरून न्यायला. पण ही युक्ती पहिल्यांदा काढली ती गोजराबाईनं.

जत्रेनंतरच्या पहिल्याच बाजाराला ती आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, जिथं थुंकली होती तिथंच. कनवटीतून तिनं 'मावळची मैना' काढली, चकचकीत पोरीचं चित्र अंगठ्यानं झाकून पुढं केली.

"ह्येच्यावर भर. नथूनं टिपल्याला तुझा पुकारा."

भाबीनं कॅसेट उलटून पाहिली. कंपनीच्या कॅसेटीचे वरचे कान मोडलेले असतात, म्हणजे कुणाला त्यावर दुसरं भरता येऊ नये. तिनं चिकटपट्टीचे दोन तुकडे फाडले आणि त्या भोकांवर दाबून बसवले. मशीनमध्ये घातली, नथूची कॅसेट शेजारच्या मशीनमध्ये लावली, दोन्ही बटणं एकदम दाबली. पोरींचं हेय हेय पुसलं जाऊ लागलं. दोघी बायका ती फिरणारी चाकं बघत बसल्या, एक दाराच्या आत, एक बाहेर. पुकारा आला तेव्हा गोजराबाईनं तोंडात पदर कोंबला.

"बस झालं रडनं," भाबी म्हणाली. "वाजवशील कशावर? मशीन हाय का तुझ्या घरात?"

"मला कशाला मशीन? पेटीत ठिवीन. गाव पान्यात हाय, ह्ये तरी कोरडं ऱ्हाईल."

भाबीनं कॅसेट काढली. मग तिनं ती म्हातारीच्या पदरात टाकली.

"गाठ मार पदराला," ती खेकसली, "येष्टीत पाडशील न्हाईतर."